फवारणीची वेळही चाचणीत धरा
पाठीवरचा पंप बरा की पॉवर स्प्रेअर, हे शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत फवारून ठरवा, असं शेतकऱ्यांना सुचवलं जातं. पण मध्ये काही ओळी सोडल्या नाहीत तर वाऱ्याने औषध पलीकडे जातं आणि तुलनाच बिघडते. न फवारलेला तुकडाही हवाच. आम्हा बडोदेकरांच्या शेजारी, गुजरातच्या आणंद आणि खेडा जिल्ह्यांतल्या चरोतर पट्ट्यात बिडी तंबाखू भरपूर. तिथे डोकेदुखी स्पोडोप्टेरा अळीची. मोठी अळी दिवसा मातीत दडते, रात्री पानं फस्त करते. मग भर उन्हात कुठलाही पंप चालवा, निकाल रडकाच! दोन्ही पट्टे संध्याकाळीच फवारा, नोझल पानाखाली वळवून. एनपीव्ही (अळीला रोग लावून मारणारा विषाणू) मारणार असाल तर संध्याकाळ सोडूच नका, उन्हातल्या अतिनील किरणांनी तो विषाणू निकामी होतो. कडेला एरंडी असेल तर या अळीच्या पतंगाचे अंडीपुंज (अंड्यांचे झुबके) आधी तिथे शोधा, एरंडी त्याला जास्त आवडते.