मदत हवी आहे: कच्छमध्ये पक्षी आणि रानफुलं, लेन्स कुठली नेऊ?

मंडळी, फेब्रुवारीअखेर कच्छला जायचं ठरतंय, आधी बन्नी-छारी ढंढ (गवताळ माळ आणि पाणथळ जागा) आणि मग मांडवीचा किनारा. फुलाय गावाजवळ हिवाळ्यात ग्रे हायपोकोलियस हा पक्षी येतो, पिलूच्या झाडांवर फळं खायला, भारतात तो बघायची सगळ्यात भरवशाची जागा हीच, त्यामुळे तो हवाच आहे. पण मला नुसता पक्षी नकोय, त्या सुमारास रोहिड्याचं झाड केशरी फुलतं आणि त्यावर मधासाठी पक्षी येतात, फूल आणि पक्षी एकाच फ्रेममध्ये मिळाले तर फार आवडेल.

अडचण अशी की ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबचा पक्षी कितीही फास्ट शटर ठेवा, मऊच, म्हणजे धूसर येतो. मग १५०-६०० मिमी लेन्सचा उपयोग फक्त सकाळीच का? की १००-४०० घेऊन गाडीतूनच बीनबॅगवर लेन्स टेकवून जवळून काढावं?

मांडवीकडे क्रॅब प्लोव्हर बघायचाय. अंग पांढरंशुभ्र, पाठ काळी, उन्हात फोटोत पांढरा भाग जळतो, तपशीलच उरत नाही, म्हणून एक्स्पोजर मायनस किती ठेवता? आणि भरतीला पक्षी किनाऱ्याकडे सरकतात तेव्हा आधीच जाऊन वाळूत आडवं पडून राहावं का, म्हणजे ते बिचकणार नाहीत? मर्यादवेलीची जांभळी फुलं तिथे असतात, त्यांच्यासाठी खाऱ्या वाऱ्यात लेन्स बदलायची भीती वाटते, दुसरी कॅमेरा बॉडी भाड्याने घेणं बरं पडेल का? कोणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, स्थानिक गाइडबद्दलही.