मदत हवी आहे: कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव, आता शंट की एन्डोस्कोपी?

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

माझी लेक २८व्या आठवड्यात झाली, वजन ९८० ग्रॅम. आज नऊ आठवड्यांची आहे, १९५० ग्रॅम, अजून एनआयसीयूतच (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). तिसऱ्या दिवशी टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूच्या पोकळ्यांत रक्तस्राव दिसला, दोन्ही बाजूंना, ग्रेड ३ (चारपैकी तिसरी पातळी). पुढचे दहा-बारा दिवस सगळं स्थिर होतं. निभावलं असं वाटत होतं, तोच डोक्याचा घेर वाढू लागला. एका आठवड्यात दोन सेंटिमीटरच्या वर. टाळू ताठ, कवटीच्या शिवणी रुंदावलेल्या, मध्येच श्वास घ्यायला विसरायची. मेंदूत पाणी सतत तयार होतं आणि शोषलंही जातं. रक्ताच्या गुठळ्यांनी आणि नंतरच्या सुजेने निचऱ्याची वाट तुंबली, असं डॉक्टरांनी समजावलं.

कमरेतून दोनदा पाणी काढलं, तेवढ्याने भागलं नाही. म्हणून डोक्याच्या कातडीखाली रिझर्व्हॉयर, म्हणजे मेंदूच्या पोकळीला नळीने जोडलेली छोटी डबी, बसवला. त्यातून बारीक सुईने, वजनाच्या किलोमागे साधारण १० मिली, हळूहळू पाणी काढतात. पहिल्यांदा ते गंजाच्या रंगाचं होतं, आता पिवळसर आहे. काढून झालं की टाळू खाली बसते आणि ती गाढ झोपते. मी स्वतः हात लावून पाहते, त्यामुळे रिझर्व्हॉयर बसवला हे योग्यच झालं असं मला वाटतं.

अडलंय ते पुढे. दर एक-दोन दिवसांनी पाणी काढावंच लागतंय, म्हणजे कायमचा उपाय लागणार असं दिसतंय. आमचे न्यूरोसर्जन म्हणतात, वजन अडीच किलोच्या आसपास येऊ दे, पाण्यातलं रक्त आणि प्रोटीन कमी होऊ दे, मग व्हीपी शंट, म्हणजे मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी आतली नळी, टाकू. घाई केली तर नळी तुंबण्याची आणि जंतुसंसर्गाची भीती जास्त. दुसऱ्या सर्जननी एन्डोस्कोपीचा पर्याय सांगितला: दुर्बिणीने मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला वाट करायची आणि पाणी तयार करणारं कोरॉइड प्लेक्सस जाळायचं. बाळांसाठी ही जोडपद्धत युगांडात डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी रुळवली. पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि कारण रक्तस्राव असेल तर ती फसण्याची शक्यता जास्त, हेही या दुसऱ्या सर्जननी लपवलं नाही. नवऱ्याला जन्मभराची नळी नकोय. माझा कल शंटकडे आहे, कारण एन्डोस्कोपी फसली तर त्या इवल्याशा डोक्यावर पुन्हा शस्त्रक्रिया. शंटही पहिल्याच वर्षात बदलावा लागू शकतो हे माहीत आहे, तरीही.

ज्यांच्या बाळाला रक्तस्रावानंतर शंट पडलाय त्यांनी कृपया लिहा. किती वजनाला टाकला? तोवर रिझर्व्हॉयरवर किती आठवडे काढले? घरी आल्यावर शंट तुंबल्याचं पहिल्यांदा कशावरून ओळखलंत? उलटी, चिडचिड, खाली वळलेले डोळे हे डॉक्टरांनी सांगितलंय, पण एवढं लहान बाळ एरवीही दूध उलटतं. मग रात्री दोन वाजता नेमकं काय पाहायचं? एन्डोस्कोपी केलेल्यांनीही लिहा, फसली असली तरी.

एक विनंती, पाणी कमी करणारी औषधं सुचवू नका. अ‍ॅसिटाझोलामाइड आणि फ्युरोसेमाइड यांची अशाच बाळांवर चाचणी झाली होती, १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि त्यात फायदा नाही, उलट नुकसान दिसलं. आम्ही डॉक्टरांना विचारून झालंय.

बुधवारी दोन्ही सर्जन एकत्र बसून आमच्याशी बोलणार आहेत. त्यांना काय विचारायला हवं, जे तुम्हाला तेव्हा सुचलं नव्हतं?