गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

रेल्वे लाईन्सवाला

मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून बसलेला माणूस पाहिलाय का कुणी? मी बसतो. बाहेर त्रेचाळीस डिग्री, आणि घरातला पंखा बंद. कारण वारा उजव्या गालाला लागला की कळ उठते. ठणका नव्हे, उघड्या वायरला हात लागावा तसा झटका, दाढेपासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत. पाच-दहा सेकंद, कधी मिनिटभर. मग एकदम काहीच नाही. ते 'काहीच नाही' जास्त छळतं, कारण पुढची कधी येईल याची वाट बघत बसायचं.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची नस मेंदूजवळ जिथून निघते तिथे बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी तिला घासत असते. पहिलं वर्ष दाताचं दुखणं समजण्यात गेलं, दोन धडधाकट दाढा काढून झाल्या. आता चार वर्षं झाली. कडक भाकरी सुटली. शेंगा चटणी दह्यात कालवून, डाव्या बाजूने, जपून. दाढी आठवड्यातून एकदा. कार्बामाझेपीनच्या गोळ्यांवर दिवस निघतात. डोकं जड होतं, नावं आठवत नाहीत, पण निघतात.

आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. गेल्या महिन्यात एका घरच्या प्रार्थनासभेत एका बंधूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "ब्रदर, चार वर्षं प्रार्थना चाललीय, मग अडतंय कुठे? भरवसा गोळीवर आहे की प्रभूवर?" चार-पाच जण आमेन म्हणाले. खिशातली स्ट्रिप काढून मी टेबलावर ठेवीन असं त्यांना वाटलं असावं. मी नाही ठेवली. चहाही न घेता निघालो (तसाही गरम चहा पिता येत नाही).

माझं म्हणणं असं, की माझा देवावर विश्वास आहे आणि मी बरा झालेलो नाही. ही दोन वाक्यं एकाच माणसाला एकाच दिवशी म्हणता आली पाहिजेत. आमच्याकडे साक्ष द्यायला फक्त बरा झालेला माणूस उभा करतात. न बऱ्या झालेल्याने मागच्या बाकावर बसायचं, आणि कुणी विचारलंच तर 'प्रभूची योजना' म्हणायचं. ८८ वं स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटच्या ओळीतसुद्धा उजाडत नाही. ते आमच्या उपासनेत वाचलेलं मी एकदाही ऐकलं नाही. बायबलमध्ये आहे ना पण?

आनंदाची साक्ष

दादा, तुमच्या वेदनेबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण तुम्ही एका माणसाच्या उद्धटपणावरून सगळ्या चंगाईवर, म्हणजे प्रार्थनेने बरं होण्यावर, बोट ठेवलंत. बायबलात याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे, कुणी दुखणाईत असेल तर मंडळीच्या (चर्चच्या) वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. हे काय शोभेसाठी लिहिलंय? माझ्या सख्ख्या बहिणीला डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. अकरा दिवस आम्ही उपास धरून तिच्या उशाशी होतो. आज ती बाजार करते, नातवंडं सांभाळते. मी डोळ्यांनी पाहिलेलं तुमच्यासाठी कसं पुसून टाकू?

आणि लांब कशाला जायचं? पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं ते जगाला माहीत आहे. जिथे अपेक्षा असते तिथे देव काम करतो. तुम्ही अपेक्षाच सोडली आहे असं तुमच्या लिहिण्यातून वाटलं. चुकत असेन तर माफ करा.

तर्कटराव

मी नास्तिक, त्यामुळे या घरगुती भांडणात माझं काय काम, असं कुणी म्हणेल. पण हिशोब बघा. बरा झाला तर देवाची कृपा. नाही झाला तर विश्वास कमी, किंवा योजना. कोणताही निकाल लागला तरी देव पास. अशी परीक्षा आमच्या शाळेत असती तर मीही मेरिटमध्ये आलो असतो.

रेल्वेवाले दादा, तुमची कळ थांबते ती गोळीने. नसेतल्या बेफाम विजेला ती आवर घालते. ज्यांनी ते शोधलं त्यांचे आभार माना. 'अमुक रोग हमखास बरा' म्हणून चमत्काराच्या जाहिराती करण्याविरुद्ध या देशात १९५४ पासून कायदा आहे. भिंतीवरची पोस्टरं वाचली की तो कुठे झोपलाय असा प्रश्न पडतो. आणि हे मी सगळ्याच धर्मांच्या पोस्टरांबद्दल म्हणतोय.

वेल्लोर रिटर्न

तर्कटराव, वेदना म्हणजे देवाचा गुन्हा असं तुम्ही धरून चालला आहात. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि त्यांनी आयुष्य कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया करण्यात घालवलं. कुष्ठरोगात बोटं आपोआप गळत नाहीत. नसा मरतात, दुखणं कळत नाही, मग माणूस गरम तवा उचलतो, खिळ्यावर चालतो, आणि जखम चिघळून बोट जातं. ब्रँड स्वतः श्रद्धावान होते आणि वेदनेला देणगी म्हणायचे. दुखतं म्हणून आपण वाचतो. मला या विचाराने माझ्या मणक्याच्या आजारपणात फार आधार दिला.

तर्कटराव

ब्रँड यांच्याबद्दल आदर आहे. त्यांचा मुद्दा तव्याच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. पण धागा ज्याने काढलाय त्याच्या गालावर तवा नाहीये हो! आग लागली की वाजते ती घंटा कामाची. आग नसताना चार वर्षं वाजणारी घंटा ही देणगी की बिघाड? वाऱ्याच्या झुळकीपासून त्याच्या शरीराला कोणता धोका आहे, सांगा.

रेल्वे लाईन्सवाला

इथे मी तर्कटरावांच्या बाजूने. देणगी वगैरे मला सांगू नका. माझं दुखणं बिघाड आहे आणि मी देवाशी बोलताना त्याला बिघाडच म्हणतो.

आनंदाची साक्ष ताई, तुमची बहीण बरी झाली यात मला शंका नाही, आणि हेवाही नाही (थोडा आहे). पण केडगावचं नाव काढलंत म्हणून सांगतो. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. ऐकू कमी येतं म्हणून ते राहूनच गेलं. पुढे केडगावात इतकं मोठं संजीवन झालं, पण बाईंना ऐकू येऊ लागलं असं कुठे वाचलंत? त्या तशाच राहिल्या आणि हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणत बसल्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १९२२ मध्ये त्या स्वतः. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याची व्याधी, काढायची देवाला तीनदा विनवणी केली. नाही निघाला. त्याच पौलाने शिष्य तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आजारी हिज्कीया राजासाठी यशया संदेष्ट्याने प्रार्थनेसोबत अंजिरांचा लेपही सांगितला. मग माझ्या गोळीनेच काय घोडं मारलंय?

नाईट ड्यूटी

मी नर्स आहे, वीस वर्षं. आमच्याकडे गालाच्या कॅन्सरचे एक काका होते. मावा, दुसरं काय. तोंड उघडत नव्हतं, पट्टी बदलताना पलंगाचा दांडा इतका घट्ट धरायचे की पांढरी पडलेली नखं अजून डोळ्यांसमोर आहेत. डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहिल्या. घरचे नको म्हणाले. म्हणे ख्रिस्ताला वधस्तंभावर गंधरस घातलेला द्राक्षारस देऊ केला तेव्हा त्याने घेतला नाही, मग आमच्या वडिलांनीही शुद्धीत सोसावं.

मीही ख्रिस्ती आहे, म्हणून बोलू शकले. म्हटलं, पुढे वाचा. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी तो तहान लागली म्हणतो आणि आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, घेतो. शिवाय त्याने स्वतः नाकारलं, त्याच्या वतीने नातेवाइकांनी नाही नाकारलं. काकांना विचारलंत का? कुणीच विचारलं नव्हतं. विचारल्यावर काकांनी हात पुढे केला.

लंडनला १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषाघर) काढणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. पक्क्या ख्रिस्ती. दुखायला लागेपर्यंत थांबू नका, घड्याळ लावून मॉर्फीन द्या, हे त्यांनी लावून धरलं. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धास्तीने दवाखाने मॉर्फीन ठेवायलाच घाबरायचे. २०१४ च्या दुरुस्तीने कागदपत्रं सोपी झाली, भीती मात्र अजून तेवढीच.

माळकरी

जय हरी. आमच्यात याला भोग म्हणतात. देहाचे भोग देहानेच भोगून संपवायचे, मन पांडुरंगाकडे. तुकोबांनी तर दुष्काळ पडला, दिवाळं निघालं, तेही बरंच झालं म्हटलंय. इतकं कीस पाडायची गरज नाही.

रेल्वे लाईन्सवाला

माळकरी बुवा, तुकोबांचं 'बरं झालं' हे स्वतःच्या दिवाळ्याबद्दल आहे. शेजाऱ्याच्या दिवाळ्याला त्यांनी बरं झालं म्हटलं नाही. भोगाचं म्हणाल तर जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? तो म्हणाला, कुणाचंच नाही.

नातवाचा मोबाईल

आज्जी सांगायल्यात, मी टाईप करायलोय. त्यांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या, आता गुडघे आणि बोटं दोन्ही गेलीत. म्हणायल्यात की प्रार्थनेला येणारे सगळे उभ्या उभ्या प्रार्थना करत्यात आन् जात्यात, येक बी जण बसत नाही. त्यांना सांग, प्रार्थना बारकी करा, पाय चेपा जरा.

आनंदाची साक्ष

आज्जींना नमस्कार. दादा, रमाबाईंचं मला सुचलं नव्हतं. तरी मी मागणं सोडणार नाही. 'बिघाड' म्हणता ना, मग दुरुस्तीच मागणार. आणि तुम्ही एवढं बोललात, पण तर्कटरावांच्या हिशोबाला उत्तर दिलं नाहीत.

तर्कटराव

हे बघा, ताईंनाही दिसलं. मीच पुढे नेतो. बायबलातल्या ईयोबाची गोष्ट तुमचे लोक नेहमी सांगतात. चांगला माणूस, तरी मालमत्ता जाते, दहाही मुलं मरतात, अंगभर फोड येतात. शेवटी त्याला सगळं दुप्पट मिळतं, नवी दहा मुलं होतात. आधीच्या दहांचं काय? मेलेली मुलं बदलून मिळतात का?

रेल्वे लाईन्सवाला

नाही मिळत. त्या शेवटच्या भरपाईवर माझाही विश्वास बसत नाही. बसला तरी पटत नाही. माझ्यासाठी ईयोब त्याच्या आधीच संपतो. सगळं पुस्तकभर तो देवावर ओरडतो, खटला भरायची भाषा करतो. मित्र देवाची बाजू घेऊन व्यवस्थित प्रवचनं देतात. आणि देव म्हणतो, हा बरोबर बोलला, तुम्ही नाही. त्या तिघांनी चांगलं काम एकच केलं, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला.

तुमच्या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून दिलं नाही. रात्री तीनला कळ येते तेव्हा मी पुरावा म्हणून देवाला हाक मारत नाही. मारली जाते. शिव्याही देतो कधी. वधस्तंभावरून 'माझा त्याग का केलास' असं ओरडणाऱ्याला निदान ती भाषा ओळखीची असेल.

तर्कटराव

हे कविता म्हणून मान्य. उत्तर म्हणून नाही.

रेल्वे लाईन्सवाला

चालेल.

वेल्लोर रिटर्न

ऑपरेशनचं विचारलंत का? रक्तवाहिनी आणि नस यांच्यात बारीक गादी ठेवतात. सगळ्यांना चालत नाही, पण एमआरआय घेऊन एकदा दाखवा. वेल्लोरसाठी काटपाडी स्टेशनला उतरायचं, राहायची सोय मी सांगतो.

रेल्वे लाईन्सवाला

विचार चालू आहे. कवटी उघडायची म्हटल्यावर बायको रडते. सध्या गोळीच वाढवलीय, तीन आठवडे झाले. चालताना जरा तोल जातो.

नाईट ड्यूटी

तोल जातो? रक्तातलं सोडियम शेवटचं कधी तपासलंत? या गोळीने ते उतरतं.

रेल्वे लाईन्सवाला

जानेवारीत. गड्डा यात्रेच्या आधी.

नाईट ड्यूटी

डोस वाढवल्यावर एकदाही नाही? उद्या सकाळी रक्त द्या आणि डॉक्टरांना तोल जातो हे सांगा. मनाने गोळी एकदम बंद करू नका, कोणत्याही बंधूंनी सांगितलं तरी. आणि रिक्षाने जा, गाल रुमालाने झाकून.