मदत हवी आहे: व्हीलचेअरवरून फ्लेमिंगो बघायला ठाणे-नवी मुंबईत कुठे जमेल?

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

बायको ठाण्यात मराठी शाळेत शिकवते, चौथीला. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय. पंचवीस वर्षं कॅलिपर आणि कुबडीवर सगळं केलं, लोकलसुद्धा, पण कुबडीने खांदे पार गेले म्हणून दोन वर्षांपासून बाहेर पडायचं तर व्हीलचेअर. शाळेची निसर्गसहल दरवर्षी असते आणि तिची सगळी उस्तवार हीच करते, परवानग्या, बस, पालकांच्या चिठ्ठ्या, पक्ष्यांचे तक्ते, आणि तिथे पोचलं की पोरं आत जातात आणि ही बसमध्ये ड्रायव्हरशी गप्पा मारत बॅगा राखते. अशा अकरा सहली झाल्या. कर्नाळ्याला तीनदा जाऊन आलीये आणि तिला कर्नाळ्याचं फक्त पार्किंग पाठ आहे.

ह्या वर्षी म्हटलं आधी आपण दोघंच जाऊन बघू. दोन ठिकाणी गेलो, नावं मुद्दाम घेत नाही. पहिल्या ठिकाणी रॅम्प छान होता पण तो संपतो तिथेच सहा इंचाची पायरी, म्हणजे रॅम्प कोणासाठी केला देवाला ठाऊक. पुढे मोटरसायकली आत घुसू नयेत म्हणून झिगझॅग लोखंडी खांब, त्यातून बाईक अडत असेल नसेल, व्हीलचेअर मात्र नक्की अडते. शेवटी तिथल्या माणसाने मागचं मोठं गेट उघडलं, आत गेलो तर वाटेवर बारीक खडी. ज्यांनी ढकललीये त्यांना माहितीये, पुढची छोटी चाकं खडीत रुततात, मग खुर्ची मागे कलवून नाहीतर उलटी ओढत न्यायची. दोनशे मीटरमध्ये मी घामाघूम आणि ती गप्प.

दुसऱ्या ठिकाणी वाट चांगली होती पण पक्षी बघायच्या मचाणाचा कठडा बरोब्बर तिच्या डोळ्यासमोर. उभं राहिलं की खाडी, बसलं की पाइप. आणि दिव्यांगांच्या टॉयलेटमध्ये झाडू, बादल्या आणि एक मोडका पंखा.

दोन्हीकडे माणसं चांगली होती हो, "साहेब, चौघं उचलून नेतो मॅडमला" म्हणाली. पण तिला तेच नकोय. पोरांसमोर बाईंना पालखीसारखं उचलून न्यायचं?

तर माझे प्रश्न. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट निघते, त्यात कोणी व्हीलचेअर घेऊन गेलंय का? जेटीवरून बोटीत जायला पायऱ्या की फळी? बोट जमत नसेल तर जमिनीवरून कुठे? ठाण्याच्या येऊर जंगलाबद्दलही सांगा. फॅब्रिकेटरकडून चार फुटी अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा रॅम्प करून घेतलाय, तो चालेल का?

--

पाणकोंबडी:

दादा, आधी रॅम्पचं. नियम एकास बाराचा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंचाच्या पायरीला सहा फूट रॅम्प लागतो, तुमच्या चार फुटीवर तो एकास आठ झाला. तुम्ही मागून ढकलणार असाल तर निघेल, वहिनींना स्वतः चढता यायचं नाही.

बोटीचं असंय की सगळा खेळ भरती-ओहोटीचा आहे. तरंगती जेटी असली की तिच्यावर उतरायचा पूल ओहोटीला खडा होतो आणि पूर्ण भरतीला जवळजवळ सपाट. पक्की जेटी असली तर बोटच खाली जाते. म्हणजे चढायला भरती बरी. पण गंमत अशी की पूर्ण भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, फ्लेमिंगोंचं खाणं बंद, आणि त्यांच्यातले बरेच थवे नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. तेव्हा बोट कशाला हवी? भरतीचं टायमिंग बघा, त्यातल्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्याच्या काठच्या रस्त्याला गाडी लावा आणि दुर्बीण काढा. मी आईला असंच दाखवलं, ती गाडीतून उतरलीसुद्धा नाही. मे संपेपर्यंत पक्षी असतात, घाई नको. उधाणाच्या दिवशी जा, भांगाच्या दिवसांत पाणी तेवढं चढत नाही.

--

अर्धाकप:

मी पूर्ण अंध आहे, त्यामुळे खडीचं मला काही नाही, फांद्यांचं आहे. येऊरला पहाटे डांबरी रस्त्याने चालतो, मित्राचा कोपर धरून. तांबट पक्ष्याचं टुक टुक टुक सुरू झालं की बाकीचे "कुठेय, कुठेय" करत माना वर करतात, तोवर मी झाड सांगून मोकळा. तुमच्या बाईंना पण डांबरी पट्टा जमेल, पण येऊरला चढ आहे बरं का, उतरताना ब्रेक बघून घ्या. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या नियोमोशनचं नियोबोल्ट म्हणून मोटरवालं चाक येतं, खुर्चीला पुढे जोडलं की छोटी चाकं उचलली जातात. वापरणारं कोणी इथे असेल तर लिहा.

आणि ते गेट आणि टॉयलेटचं नुसतं इथे लिहून सोडू नका राव. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीच्या जागासुद्धा येतात, आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुगम्यतेचे निकष नुसते सल्ल्यासारखे ठेवू नका, सक्तीचे करा असं केंद्राला सांगितलंय. फोटो आणि मापं जोडून अर्ज करा, पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. चेन्नईत मरीना बीचवर २०२२ मध्ये पाण्यापर्यंत लाकडी वाट केली, त्याच डिसेंबरात वादळाने मोडली, तरी परत दुरुस्त केली. त्यांना वाळूत जमतं तर आपल्याला मुरमावर का नाही?

--

(धागाकर्ता):

पाणकोंबडी ताई, तुमचा प्रतिसाद हिला वाचून दाखवला. हिने आधी भरतीचं कोष्टक उघडलं आणि मग मला विचारलं की चाळीस पोरांची बस तळ्याच्या रस्त्यावर लावू देतील का. म्हणजे सहल हलली ऐरोलीहून, मला कोणी विचारलं नाही.

अर्धाकप, अर्ज करतोय, मापं घ्यायला त्या दोन्ही ठिकाणी पुन्हा जाणार. बोटीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे, तिला एकदा खाडीत जायचंच आहे. शनिवारी टेप घेऊन ऐरोलीला जेटी बघायला जातोय, तिकडचं कोणी असेल तर या, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवाय. चहा माझ्याकडून.