धक्का, जेटी, पिअर, गोदी: नेमका फरक काय?

शब्दशोधक
बंदरांविषयीच्या एका तांत्रिक पुस्तिकेचं मराठी करतोय. मुळात क्वे, व्हार्फ, पिअर, जेटी आणि डॉक हे पाच शब्द वेगवेगळे वापरलेत, पण शब्दकोशात बहुतेकांपुढे 'धक्का'च दिसतो. 'क्वे'चा इंग्रजी उच्चार 'की', तो तसाच लिहिला तर मराठी वाक्य अडखळतं. बांधकामात खरंच फरक असतो का?

भरावभिंत
असतो. खालून पाणी वाहतं की नाही, हे आधी बघा.

क्वे काठाला समांतर आणि भरीव असतो. पाण्याकडे भिंत, तिच्यामागे भराव, वर फरसबंदी. त्याला 'धक्का' चपखल बसतो. पिअर काठापासून पाण्यात आत जातो, बहुधा खांबांवर उभा असतो. इंग्लंडमधल्या साउथएंडचा पिअर २ किलोमीटरहून लांब आहे, कारण तिथे ओहोटीला दूरवर चिखल उघडा पडतो आणि बोटीपुरतं पाणी मिळायला तेवढं आत जावंच लागतं.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. खांबांमधल्या मोकळ्या जागेत दगड भरून पिअर 'मजबूत' केला, तर किनाऱ्यालगत वाहणारी वाळू अडते. एका बाजूला गाळ साचतो, दुसऱ्या बाजूचा किनारा खचत जातो. शिवाय उभ्या भरीव भिंतीवर आदळलेली लाट परतते, त्यामुळे तिथे बांधलेल्या होड्या जास्त आपटतात.

धक्क्याची भिंत बऱ्याचदा मागून ढकलली जाऊन बिघडते. भरतीत भराव भिजतो. ओहोटीला बाहेरचं पाणी झपाट्याने उतरतं, पण भरावातलं उतरत नाही. तो सगळा दाब भिंतीवर येतो. म्हणून भिंतीत निचऱ्याची भोकं आणि त्यांच्यामागे खडी-वाळूची गाळणी हवीच. भोकं बुजली तर भिंत पाण्याकडे झुकते. गाळणी नसेल तर भराव वाहून जातो आणि वरची फरशी खचते.

उधाण_भांग
शब्दांबद्दल थोडं. व्हार्फ हा माल-माणसं चढवण्या-उतरवण्याच्या जागेला धरून आलेला शब्द, रचनेला नाही. त्यालाही 'धक्का' चालेल. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याचं इंग्रजी नाव फेरी व्हार्फच आहे. 'जेटी' मराठीत रुळलाय, बदलू नका. मात्र मूळ मजकूर अमेरिकन असेल तर सावध राहा: तिकडे जेटी म्हणजे बऱ्याचदा खाडीच्या मुखाशी घातलेला दगडी बांध, वाळू अडवून बोटींची वाट मोकळी ठेवणारा. तिथे होडी लागत नाही.

डॉकची गफलत सगळ्यात मोठी. ब्रिटिश इंग्रजीत डॉक म्हणजे बंदिस्त पाणी, म्हणजे आपली गोदी. लिव्हरपूलची १७१५ सालची गोदी दरवाजे लावूनच बांधली होती: भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, मग बाहेर ओहोटी लागली तरी आतलं जहाज तळाला टेकत नाही. अमेरिकेत मात्र घरामागच्या चार फळ्यांच्या फलाटालाही डॉक म्हणतात. तिथे 'गोदी' लिहिलं तर अनर्थ. दुरुस्तीसाठी पाणी उपसून कोरडी करतात ती सुकी गोदी.

शब्दशोधक
आभार, खूप उलगडलं. पुस्तिकेत 'पॉन्टून' आणि 'गँगवे'सुद्धा आहेत.

भरावभिंत
पॉन्टूनला 'तरंगता धक्का' किंवा 'तरंगती जेटी'. गँगवे म्हणजे काठावरून तिच्यावर उतरणारा, पाण्याबरोबर उतार बदलणारा पूल. या पुलाची लांबी पुस्तिकेत तपासून घ्या, कारण चुका तिथेच होतात. समजा ओहोटीला तरंगती जेटी काठापेक्षा ३ मीटर खाली जाते. १:१२ चा सोपा उतार हवा तर पूल सुमारे ३६ मीटर लागेल. १२ मीटरचा टाकला तर उतार १:४ होतो. ओल्या फळ्यांवर ओझं घेऊन उतरणारा माणूस घसरणारच.

जेटीला जागेवर धरणारे खांबही पुरेसे उंच हवेत. उधाणाच्या भरतीत, वाऱ्याने पाणी आणखी फुगलं तरी, जेटीची कडी खांबाच्या टोकाखालीच राहिली पाहिजे. कडी वरून निसटली की अख्खी जेटी होड्यांसकट वाहत जाते.

उधाण_भांग
'बोलार्ड'साठी 'खुंट' लिहा. आणि दोर बांधण्याच्या सूचना असतील तर स्थिर आणि तरंगत्या धक्क्याच्या वेगळ्या ठेवा. तरंगत्या धक्क्याला होडी त्याच्याबरोबरच वरखाली होते, दोर आखूड चालतो. स्थिर धक्क्यावर आखूड दोराने बांधलेली होडी ओहोटीला लटकते, नाहीतर दोर तुटतो.