वापराची माहिती: आधी विचारून घ्यावी की घेत राहून नकाराची सोय द्यावी?

सह्यपठार

ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २०२१ साली म्यूज ग्रुप या कंपनीच्या ताब्यात गेले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, कोणते इफेक्ट वापरले जातात, कोणत्या प्रकारच्या फायली उघडल्या जातात अशी माहिती गूगल आणि यांडेक्स ही रशियन कंपनी यांच्या सेवांमार्फत गोळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला. ही सोय मुळात बंद राहील आणि वापरकर्त्याच्या होकारानंतरच सुरू होईल, असे त्यात लिहिलेले होते. तरीही विरोध एवढा झाला की प्रस्ताव मागे घ्यावा लागला. जुलैमधील नव्या गोपनीयता धोरणात १३ वर्षांखालील मुलांनी ते वापरू नये असे आले, तेव्हा वर्गात मुलांकडून गोष्टी रेकॉर्ड करून घेणारा शिक्षक म्हणून मी अस्वस्थ झालो. टीकेनंतर धोरण बदलले, पण जो विश्वास गेला तो पुरता परत आला नाही. म्हणून माझे मत असे आहे की टेलिमेट्री, म्हणजे सॉफ्टवेअरने वापराची माहिती आपोआप बनवणाऱ्यांकडे पाठवणे, विचारल्याशिवाय सुरू होता कामा नये, तो प्रश्न वापरकर्त्याच्या भाषेत असावा आणि नेमके काय बाहेर जाणार आहे ते त्याला पाठवण्याआधी वाचता यावे.

रफार

मी असहमत आहे. मी काही वर्षे एका मुक्तस्रोत कार्यक्रमाचे मराठी भाषांतर केले. त्यात बिघाडानंतर उघडणाऱ्या खिडकीतील ‘पुनर्प्राप्त करा’ हे बटण इतके अरुंद होते की पडद्यावर फक्त ‘पुनर्प्रा’ एवढेच दिसे, आणि त्याच्या शेजारचे ‘टाकून द्या’ मात्र पूर्ण दिसे. घाबरलेला माणूस जे वाचता येते ते दाबतो आणि आपले काम गमावतो. हे आमच्या लक्षात आले तेव्हा त्या खिडकीला दोन आवृत्त्या होऊन गेल्या होत्या, कारण एकानेही तक्रार नोंदवली नव्हती. तक्रार इंग्रजीत, खाते उघडून, आवृत्तीचा क्रमांक देऊन करावी लागे. ज्याचे काम बुडाले तो हे सगळे कशाला करील? मराठी खिडकीत ‘टाकून द्या’ इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त वेळा दाबले जाते, एवढा एक आकडा मिळाला असता तरी आम्ही जागे झालो असतो.

‘विचारून घ्या’ म्हणताना हेही लक्षात घ्यावे की होकार देणारे बहुतांशी जाणकार असतात. अडखळणारा माणूस प्रश्नाची खिडकी दिसताच ती बंद करून पुढे जातो, आणि मग सॉफ्टवेअर सुधारते ते ज्यांना सुधारणेची गरज सर्वांत कमी आहे त्यांच्यासाठी.

तिसरा मजला

रफार यांच्या बाजूने एक भर घालतो. गो या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी तिच्या चमूतील रस कॉक्स यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये मांडलेला आराखडा वाचण्यासारखा आहे. त्यात फक्त मोजणीचे आकडे होते, काय मोजले जाते ते सर्वांना पाहता येणार होते, आणि यादृच्छिक निवडलेले सुमारे १६,००० अहवाल एक टक्क्याच्या अचूकतेला पुरतात, त्यामुळे प्रत्येक संगणकाला क्वचितच काही पाठवावे लागेल, असा त्यामागचा हिशोब होता. सगळे सहभागी असले तर प्रत्येकाकडून थोडेच घ्यावे लागते, आणि होकार देणारे मोजकेच उरले की त्यांच्याकडून वारंवार घ्यावे लागते.

सह्यपठार

तो आराखडा मलाही आवडला होता, पण त्याचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. चर्चेनंतर कॉक्स यांनीच तो ‘होकार दिल्यावरच’ असा बदलला. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या गो १.२३ मध्ये मोजणी होते, पण ती आपल्याच संगणकावर राहते. आपण स्वतः आज्ञा दिल्याशिवाय पाठवली जात नाही. याउलट जुलै २०२४ मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरच्या १२८ व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी सोय न विचारता चालू ठेवली गेली, आणि सप्टेंबरमध्ये नोयब या गोपनीयतेच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने ऑस्ट्रियात तक्रार केली. त्या सोयीतील गणित खासगीपणा जपण्यासाठीच रचलेले होते, तरीही न विचारल्याचा राग गणिताने निवला नाही.

रफार, तुमचे बटणाचे उदाहरण मला मनापासून पटते. पण त्याच उदाहरणाची दुसरी बाजू पाहा. कार्यक्रमाची भाषा मराठी, लिनक्स या संगणक प्रणालीची जुनी आवृत्ती, लहान पडदा, आणि आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील संगणकाच्या क्रमांकावरून) कळणारा तालुका: इंग्रजीत अशा चार गोष्टी जुळणारी माणसे हजारो निघतील, मराठीत कदाचित एकच निघेल, आणि त्या तालुक्यात तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असेल. ज्या भाषेचे वापरकर्ते थोडे, तिथे नाव काढून टाकणे पुरेसे ठरत नाही.

रफार

हा मुद्दा मी पुरेसा विचारात घेतला नव्हता. ठरावीक संख्येपेक्षा लहान गट वेगळा दाखवायचा नाही असा नियम करता येतो, पण मग मराठीचा रकाना नेहमीच ‘इतर’मध्ये जाईल आणि आम्ही होतो तिथेच राहू.

डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात कोणती पॅकेजे (सॉफ्टवेअरचे संच) वापरली जातात ते मोजणारी पॉपकॉन ही सोय स्थापनेच्या वेळी विचारते आणि तिचे आधीच निवडलेले उत्तर ‘नाही’ असते. त्या पद्धतीचा मी आदर करतो. माझे एवढेच म्हणणे आहे की तो प्रश्न स्थापनेच्या घाईत विचारू नये. बिघाड झाल्यावर, माणूस चिडलेला असताना, जाणारा मजकूर मराठीत समोर ठेवून विचारला तर तो वाचेल आणि बहुधा होही म्हणेल. पण जिथे बिघाड होतच नाही, फक्त माणूस चुकीचे बटण दाबून निमूट निघून जातो, तिथे कोणत्या क्षणी विचारायचे? याचे उत्तर तुमच्याकडे असेल तर मी माझे मत बदलायला तयार आहे.

सह्यपठार

नेमके उत्तर नाही. पुढच्या आवृत्तीआधी तुमचा कार्यक्रम माझ्या शाळेतील चार शिक्षकांसमोर ठेवा. ते कुठे थांबतात ते मी शेजारी बसून लिहून घेईन आणि त्यांना विचारून तुम्हाला पाठवीन.