आयपॅडसाठी दोन हजारांच्या आत चांगलं स्टायलस सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझ्याकडे २०२१ चा, नवव्या पिढीचा आयपॅड आहे. दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, त्यामुळे रोज दोन-तीन तास स्क्रीनवर लिहावं लागतं. ॲपल पेन्सिल सध्या परवडणारी नाही.

मागे एक स्वस्तातलं स्टायलस घेतलं होतं. तिरकी रेघ सावकाश ओढली की नागमोडी यायची. त्याहून वाईट म्हणजे टिंब उमटायचंच नाही. ३.५ चे ३५ झाले की मुलं गोंधळतात हो! अनुस्वारांचीही तीच गत. मग पारदर्शक चकतीच्या टोकाचं साधं स्टायलस वापरून पाहिलं, पण तळहात टेकला की रेघोट्या उमटतात आणि हात अधांतरी ठेवून मनगट भरून येतं.

चित्रं काढायची नाहीत, म्हणून दाबानुसार रेघ जाड-बारीक झाली नाही तरी चालेल. पाम रिजेक्शन, म्हणजे तळहात टेकला तरी रेघोट्या न उमटण्याची सोय, मात्र हवंच.

कोणी रोज भरपूर लिहिणारं आहे का इथे? तुमचं कोणतं आहे? टोक किती महिने टिकतं, सुटं मिळतं का? मॅट स्क्रीन गार्डवर ते फार लवकर झिजतं का? जूनमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आत घ्यायचं आहे.